अंबुजाबाईंनी टाळलेली फेरी

९ जानेवारी २०२४ रोजी मंडी मोहल्ल्यात शिवणकाम करणाऱ्या अंबुजाबाईंनी मांजरीच्या ऑपरेशनचे २,६५० रुपये भरले. उरलेले तीनशे रुपये टाके काढताना देते, म्हणाल्या. जाता-येता मांजर पिशवीत थरथरत होती. घरी येताच ती शिवणयंत्रामागे दडली आणि काही खाईना.

"दिवसभर खाल्लं नाही तर लगेच आणा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"तुझ्यासारखी एकादशी धरली की हिनं," नवरा गुंडेराव म्हणाले.

"अय्यो, पुन्हा तिथं नेलं तर भीतीनंच मरेल. राहू दे."

चौथ्या दिवशी तिचे डोळे पिवळे पडले. सहाव्या दिवशी ती गेली. उपाशी मांजरीचं लिव्हर असंच जातं, असं डॉक्टर फोनवर म्हणाले.

टाके काढायचे राहिले. डॉक्टरांचे तीनशे रुपये अजून द्यायचे आहेत.