श्रावणातल्या सोमवारच्या गोळ्या

मी आयुष्यात एकदाच संशोधनाचं काम केलं, आणि त्यात पहिल्याच महिन्यात माती खाल्ली.

मोठ्या पुराच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पूर ओसरल्यावर भिवंडीच्या आसपासच्या गावांत लेप्टोचा ताप आला होता. उंदराचं मूत चिखलात मिसळतं, पायाच्या भेगेतून तो रोग अंगात शिरतो आणि धडधाकट माणसाची किडनी बंद पाडतो. पुन्हा तशी वेळ आली तर आपण तयार असावं म्हणून आमच्या डॉक्टर मॅडमनी एक अभ्यास हाती घेतला. भातखाचरात राबणाऱ्या बायकांना आठवड्यातून एकदा दोन गोळ्या द्यायच्या आणि त्या गोळ्यांनी ताप अडतो का ते बघायचं. मी नुकती बी.एस्सी. झालेली, शाळामास्तरांची मुलगी, भिवंडीच्याच निजामपुऱ्यात पॉवरलूमच्या खडखडाटात वाढलेली. मला शेलार गाव मिळालं.

मॅडम पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज असा की जीपचा ड्रायव्हर आपोआप ताठ बसायचा. पण बाकीचे डॉक्टर बांधावरून हात दाखवायचे, तिथे ही बाई साडी खोचून, गमबूट चढवून खाचरात उतरायची. बायकांच्या पायाच्या भेगा स्वतःच्या हाताने तपासायची. मी त्यांना जाम घाबरायचे आणि घरी येऊन आईला रोज त्यांच्याच गोष्टी सांगायचे.

जीप सोमवारी मिळायची, म्हणून गोळ्यांचं वाटपही सोमवारी. लावणी उरकली होती, श्रावण लागला होता, निंदणीसाठी बायका अजून चिखलातच होत्या. माझ्या यादीत पहिलं घर होतं त्या बाईंना मी काकी म्हणायचे. चाळिशीतली, खणखणीत हसणारी बाई. मी दारात दिसले की म्हणायच्या, "ये गो बाय, बस. वेणी कशी सुकली तुझी!" मी गोळ्या पुढे करायचे. "ठेव, घेते मंग," त्या म्हणायच्या. नियम असा होता की गोळी समोर गिळायला लावायची आणि मगच तिच्या घरी ठेवलेल्या कार्डावर बरोबरची खूण करायची. पण मला पुढची वीस घरं दिसत असायची, वर पोटात कावळे ओरडत असायचे. मी खूण करायचे आणि पुढे पळायचे. तीन सोमवार असेच गेले.

चौथ्या सोमवारच्या आधी काकी तापाने पडल्या. गल्लीतल्या डॉक्टरने कार्ड बघितलं, तीन खुणा बघितल्या आणि म्हणाला, लेप्टो नसावा, साधा ताप आहे. दोन दिवस वाया गेले. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी थांबत आली. मुलाने कशेळी पुलाच्या ट्रॅफिकमधून रिक्षा काढत त्यांना ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मॅडमना फोन केला. गोळ्या चालू असताना लेप्टो कसा? की हा दुसराच काही आजार?

मॅडमनी मला समोर उभं केलं. "तिने गोळ्या घेतल्या?"

"हो मॅडम. कार्डावर आहे."

"कार्ड राहू दे. तू गिळताना पाहिलंस?"

"नाही मॅडम." मॅडमनी पर्स उचलली, रस्त्यात रिक्षा थांबवली आणि मला घेऊन शेलारला निघाल्या.

घरात काकींची सून एकटीच होती, रडून डोळे सुजलेले. मॅडमनी आधी तिला पाणी प्यायला लावलं. मग हलकेच विचारलं, "सोमवारी सासूबाई सकाळी काय खातात?"

"काय न्हाय. श्रावणातला उपास हाय ना. रातीच सोडतात."

"मग गोळी?"

सून घुटमळली. मग देवाच्या फळीवरून एक डबी काढून तिने मॅडमच्या हातात दिली. आत सहाच्या सहा गोळ्या. "पयल्या सोमवारी बाकीच्या बायांनी उपाशीपोटी घेतली, दुपारी ओकाऱ्या काढल्या. ते बघून आईंनी घेतलीच न्हाय, मंग कोनीच घेतली न्हाय. औषद टाकवत न्हाय म्हनून ठेवलं. आन ही पोर उनातान्हात येते, तिला न्हाय कसं बोलायचं? आई बोलल्या, तिचं मन मोडू नको."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण सांगू का? तिन्ही सोमवारी मी स्वतः उपाशी होते. माझाही उपास होता! उपाशी पोटाने मी उपाशी बायकांना गोळ्या वाटत फिरले आणि माझ्या डोक्यात एकदाही प्रकाश पडला नाही. शिकलेलं गाढव म्हणतात ते मी.

मॅडमनी तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. "तिच्या पोटात एकही गोळी गेलेली नाही. कार्ड खोटं आहे. लेप्टो धरून चाला." त्याच दिवशी औषध सुरू झालं, पुढे डायलिसिसही करावं लागलं. चार दिवस आम्हाला काही कळेना. मॅडम रोज संध्याकाळी ठाण्याला जाऊन यायच्या आणि मी मनात म्हणायचे, देवा, काकींना वाचव, मी पुन्हा कधी कामात चुकारपणा करणार नाही.

काकी वाचल्या.

त्यानंतर मॅडम ही काय बाई आहे ते मला कळलं. वरच्या साहेबांनी सुचवलं होतं की एका गावाची कार्डं वगळा, बाकीचं चालवून घेऊ. मॅडम सगळ्या गावांत घरोघर फिरल्या, बायकांना डब्या काढायला लावल्या आणि कार्डांवरच्या तिन्ही सोमवारच्या खुणा लाल पेनने काट मारून रद्द केल्या. वर कळवलं, वार मी ठरवला, चूक माझी. मला मात्र दार लावून सुनावलं. "वार चुकला ते माझं. न बघता खूण केलीस ते तुझं. तुझं मी अंगावर घेणार नाही." मी हुंदके देत ऐकलं. इतकं रास्त मला कुणीच कधी बोललं नव्हतं.

नवा वार ठरवायला मॅडम बायकांमध्येच जाऊन बसल्या. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, प्रत्येक वाराला कुणाचा ना कुणाचा उपास निघाला. शेवटी बायकांनीच बुधवार दिला, तोही दुपारी, जेवण झाल्यावर.

काकी घरी आल्यावरच्या बुधवारी मी गेले. हात काडीसारखे झालेले, आवाजातली खणखण गेलेली. माझी मान वर होईना. "काकी, आजची गोळी घेतली?"

त्या म्हणाल्या, "न्हाय घेतली. आजून जेवले न्हाय गो."

मी कार्डावरची जागा कोरीच ठेवली. मग चुलीशी जाऊन सुनेकडून भाताचं ताट घेतलं आणि त्यांच्यासमोर बसले. अर्धा तास लागला. पुढची वीस घरं तशीच राहिली. शेवटचा घास संपल्यावर त्यांनी गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायल्या आणि मला दाखवायला तोंड उघडलं.