बैलाची मुसकी आणि नातीचं टोपडं

मी तिसरीत शाळा सोडली. कुणी काढून टाकलं नाही, मीच सोडली. हे आधी सांगून ठेवतो, कारण लोक उलटं सांगतात. लिहायला मला येतं, फक्त वेळ लागतो. अक्षर कुठं वाकडं आलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. दोरीकामात मात्र मला कुणी शिकवू नये.

दावी, कासरे, शिंकी, सगळं मी हातानं केलंय. आणि मुसक्या. मुसकी म्हणजे बैलाच्या तोंडाला बांधायची दोरीची जाळी, म्हणजे तण काढायला कोळपताना त्यानं उभ्या पिकात तोंड घालू नये. पंचक्रोशीतले लोक माझ्याकडनं मुसक्या करून न्यायचे. मग ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि आमच्या शेताच्या कडेपर्यंत कोल्हापूरच सरकत आलं. आता शेत थोरला बघतो. मी गच्चीवर ऊन खात बसतो आणि ह्याला त्याला चुका दाखवतो.

थोरल्याला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली. घरात इतकी वर्षं लहान पोराचा आवाज नव्हता, तेव्हा पहिले महिनाभर ती रडली तरी आम्ही सगळे खूश. आमच्यात बाळाच्या पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण घालतात. पोराला काळं झबलं आणि काळं टोपडं घालायचं, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरनं बोरं, चिरमुरे, हलवा ओतायचा. हे झबलं-टोपडं आमच्या घरात बायकोच विणत आली. थोरल्याचं तिनंच विणलं होतं, धाकटीचंही. नातीचं झबलं तिनं दिवाळीतच पुरं केलं. टोपडं तेवढं राहिलं होतं.

त्यातच एक दिवस विहिणीचा फोन आला. विहीण जयसिंगपूरची. त्यांचं तिथं बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे.

"पावणं, बोरन्हाणाचा सेट मी हितनंच आणते. काळा फ्रॉक, टोपी, मोजे, सगळं मॅचिंग."

"विहीणबाई," मी म्हणालो, "आमच्यात पहिल्या संक्रांतीला घरच्या हातानं विणलेलंच अंगावर पडतं. दुकानातलं चालत न्हाय."

"मग हाय का विणलेलं?"

"झबलं झालंय. टोपडं चार दिवसांत हुतंय. तुम्ही निस्तं बघायला या."

बायको शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "चार दिवसांत कसं हुतंय? अजून लोकर आणायची हाय."

"आणू की."

लोकर आणली, आणि तिसऱ्या दिवशी बायको मोरीत घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरनं प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. बोरन्हाणाला उरले होते चारच.

"आणू दे त्यास्नी दुकानातलं," बायको म्हणाली. "काय बिघडतंय?"

"शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलाय, हात माझा मोडलाय."

"मग माझा हात घे."

सून दारात उभी होती. ती म्हणाली, "मामा, तुम्ही विणणार?"

"ह्या हातानं दोनशे मुसक्या केल्यात. बैलाचं तोंड झाकतंय तर लेकराचं डोकं झाकायला काय झालं? पण एक सांगतो. विहिणीला कळता कामा न्हाय. व्याही दुकानात बसून चार गिऱ्हाइकांत हसतोय माझ्यावर." दोघींनी मान हलवली. सुनेनं जरा जास्तच लवकर हलवली, ते मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको हात झोळीत अडकवून गच्चीवर खुर्चीत बसली, मी तिच्या पायाशी घोंगड्यावर. हातात क्रोशाची सुई. सुई म्हणजे पुढं बारका आकडा असलेली दाभणासारखी लोखंडी काडी. ती सांगायची, मी करायचो. "सहा साखळ्या घाला. तोंड जुळवा. आता त्या वाटोळ्यात खांब भरा." साखळी अर्ध्या तासात जमली. खांबाला, म्हणजे उभ्या टाक्याला, दोन सकाळी लागल्या. मग हात चालायला लागला.

"ह्यात काय हाय?" मी म्हणालो. "ह्याला बायका महिना महिना लावतात?"

"चालू द्या," ती म्हणाली. तेवढंच.

तिच्या हाताला प्लास्टर, सून सकाळी नोकरीला जाणार, म्हणून अकराची न्याहारी माझ्याकडं आली. मला एकच पदार्थ येतो, पण तो असा येतो की बायकोसुद्धा नाव ठेवत नाही. हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, माडगं. तरणा असताना गुऱ्हाळावर चुलवणापाशी बसून शिकलोय. ज्याला करायचं असेल त्यानं असं करावं. हुलगे निवडून मंद आचेवर भाजायचे. घाई करायची नाही, वास सुटला की उतरायचे. गार झाले की दळायचे, आमच्याकडं आता मिक्सर आहे. माणशी मूठभर पीठ घेऊन आधी गार पाण्यात कालवायचं. हे विसरला तो फसला, कारण उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की गोळ्या झाल्याच. दुसरीकडं पाण्यात गूळ, सुंठ आणि मिठाची कणी टाकून उकळी आणायची, मग ते कालवलेलं पीठ बारीक धारेनं सोडायचं आणि डाव फिरवत राहायचं. दाट झालं, चकाकी आली की वरनं तूप, असेल तर ओलं खोबरं. थंडीत पितळी भरून प्यावं आणि उन्हात बसावं. बाकी डॉक्टरला विचारावं.

बायको प्याली आणि म्हणाली, "गूळ किती घातला?"

"बसतोय तेवढा."

"हितं कसा अंदाजानं हात सोडता. सुईला का सोडत न्हाय?"

मला तेव्हा कळलं नाही ती काय म्हणते ते. बारा-तेरा दिवसांनी टोपडं पुरं झालं आणि कळलं. मी ते जमिनीवर ठेवलं तर ते उभं राहिलं. घडी पडेना. बोटानं टकटक केलं तर आवाज आला म्हणायला हरकत नाही. बायकोनं डाव्या हातानं उचललं, उन्हाकडं धरलं. एक किरण पलीकडं जाईना.

"ह्यात आमटी वाढली तरी गळायची न्हाय," ती म्हणाली.

"मजबूत हाय. दहा वर्षं टिकतंय."

"पोरगी दहा वर्षं आठ म्हैन्याचीच ऱ्हाणार हाय व्हय?"

तरी मी नातीच्या डोक्यावर चढवलं. चढेना, म्हणून जरा दाबलं. पोरीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग ओठ पुढं काढला आणि असं रडं काढलं की खालनं सून पळत आली. टोपडं काढलं तर गोऱ्या कपाळावर जाळी उठलेली. आपल्या हातानं लेकराला टोचलं, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

सुनेनं पोरीला खांद्यावर घेतलं. टोपडं हातात फिरवून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "मामा, ही तर मुसकीच झालीया."

खरं होतं. मुसकीची गाठ मी जशी ओढायचो तसा प्रत्येक टाका ओढला होता. त्याला इलाज नव्हता. पन्नास वर्षं हाताला एकच शिकवण, की ढिली गाठ म्हणजे सुटलेला बैल, आणि सुटलेला बैल म्हणजे शेजाऱ्याच्या उसात. बायको म्हणाली, उसवा. मी म्हणालो, बांधलेली गाठ मी सोडत नाही, दुसरी लोकर आणतो. ते टोपडं आता स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. त्यात लसूण ठेवतात. उत्तम राहतो.

आता उरले बारा दिवस. महाद्वार रोडवरनं नवी लोकर आणली आणि हात सैल सोडायचा म्हणून बसलो. सैल सोडला की तिसरा टाका सुईवरनं घसरायचा. घसरला की मला राग यायचा, आणि रागात पुढचे दहा टाके पुन्हा आवळ. एक बाजू दगडासारखी, एक बाजू लोंबती. पाच दिवस गेले. सून हळूच म्हणाली, "मामा, आईला सांगू का सेट आणायला?" मी घसरलेला टाका पुन्हा सुईवर घेतला. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की शब्द जातोय.

त्याच सकाळी माडगं ढवळत होतो. सदऱ्याच्या बाहीला लोकरीचा धागा चिकटून आला होता, तो डावाच्या लाकडी दांड्याला गुंडाळला गेला. मी सवयीनं धागा ओढला, चांगला आवळला, आणि फास दांड्यावरनं सरकवून काढला. हातात बघतो तर फास मोठा. करंगळी जाईल एवढा. मी ओढला होता पूर्ण ताकदीनं, तरी तो मोठाच, कारण दांडा जाड.

माडगं जरा खाली लागलं त्या दिवशी. मी चूल बंद करून सरळ परसात गेलो आणि पेरूची एक सरळ फांदी कापली. बोटाएवढी जाड. चाकूनं तासली, पुढं खाच पाडून आकडा काढला, काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केली आणि शेंगतेल चोळून उन्हात ठेवली. दुपारी त्या सुईनं पहिली ओळ घातली. मला हवं तेवढं ओढलं. टाका मऊ पडला, जाळीतनं ऊन आलं.

बायकोनं गालाला लावून बघितलं. बराच वेळ लावून धरलं. मग म्हणाली, "ह्या माणसानं हात न्हाय बदलला. सुई बदलली."

पाच दिवसांत टोपडं झालं. कडेला पांढऱ्या लोकरीची एक ओळ. हनुवटीखाली बांधायचे बंद मात्र मी माझ्या पद्धतीनं वळले, तीन पेडांचे, कासऱ्यासारखे. ह्या वेळी नातीनं टोपडं डोक्यावर घेतलं आणि रडायचं सोडून बंदच तोंडात घातला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी बोरन्हाण ठेवलं होतं. सुनेनं हौसेनं भोगीचाच स्वयंपाक पुन्हा केला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, गाजर, वांगं, ओला हरभरा घातलेली भाजी. पावटा मी सोलला होता. गल्लीतली पोरं जमली, बायका जमल्या. विहीणही आली. तिच्या पिशवीतनं प्लास्टिकचं पाकीट डोकावत होतं. मॅचिंग सेट. आणलाच होता बाईनं.

नात पाटावर बसली होती, काळं झबलं, काळं टोपडं, गळ्यात हलव्याची माळ. विहीण तिच्यापुढं वाकली. आधी झबल्यावरनं हात फिरवला. "वा विहीणबाई, टाका बघा कसा, मोहरीसारखा." मग टोपड्याला हात लावला, दोन बोटांत धरलं, ताणून बघितलं. बाई कापडाच्या दुकानातली, तिच्या बोटांना कळतं.

"टोपडं जरा निराळं आलंय न्हाय?" ती म्हणाली. "टाका ढिला पडलाय. व्हायचंच, हात दुखत असताना विणलं असणार तुम्ही."

बायकोनं हाताची झोळी सारखी केली. सून चिरमुऱ्याच्या सुपाकडं बघत होती. मीही गप्प बसणार होतो, शप्पथ.

"ढिला?" मी म्हणालो. "कुठं ढिला हाय? ओढून दाखवा. माझी एक गाठ सुटली तर नाव बदलतो. जाड सुईचा टाका हाय तो, ढिला न्हाय. पेरूच्या लाकडाची सुई हाय, मी केल्याली. ढिला म्हणं."

मग मला कळलं मी काय बोललो ते.

आधी सून हसली. मग बायको, मग सगळ्या बायका. कोपऱ्यातली एक म्हातारी विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि तिला सांगायला कुणाला हसण्यातनं सवड नव्हती. मी मान ताठ ठेवून उभा राहिलो. पळून कुठं जाणार, घर माझंच.

विहीण मात्र हसली नाही. तिनं टोपडं पुन्हा नीट बघितलं, आतनं, बाहेरनं. बंद बोटावर गुंडाळून ओढून बघितला, चांगला जोर लावून. मग म्हणाली, "बंद भारी वळल्यात, पावणं. असलं आमच्या दुकानात येत न्हाय." आणि तिनं पिशवीतलं पाकीट खाली ढकललं आणि वरनं रुमाल टाकला.

मग बोरन्हाण झालं. सुनेनं सूप ओतलं. बोरं टोपड्यावर पडून उड्या मारत होती, पोरं पाटाखाली घुसून वेचत होती, आणि नात मधोमध बसून दोन्ही हातांनी चिरमुरे उधळत होती. एक बोर तिनं पकडलं आणि मला दिलं. मला वाटतं मलाच दिलं. बायको म्हणते तिचा हात तिकडं गेला एवढंच.

पंगत उठल्यावर विहीण म्हणाली, "पुढच्या थंडीत डोकं मोठं हुईल की हिचं."

"मग मोठं टोपडं करू," मी म्हणालो.

"तवर माझा हात बरा हुतोय," बायको म्हणाली.

"हुदे बरा. झबली तुझ्याकडं, टोपडी आता माझ्याकडं."

उरलेल्या लोकरीची गुंडी बायकोच्या खुर्चीत होती. ती तिनं डाव्या हातानं उचलली आणि माझ्या मांडीवर टाकली.