खोटीचं खातं

शेवटची भेट अमरावतीच्या दवाखान्यात झाली. दादाराव उशीला टेकून बसला होता, मी स्टुलावर. म्हणाला, "जाय आता बापू, तुही खोटी होऊन राहिली." मी उठलो. काही दिवसांतच तो गेल्याचा निरोप घेऊन त्याचा पुतण्या दारात उभा राहिला...

खोटी म्हणजे खोळंबा. आमच्याकडे पाहुणाही उठताना 'तुमची खोटी केली' म्हणतो. पण हा शब्द बिलावर घालणारा दादारावच. एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यान आम्ही भागीत एक जुना ट्रक घेतला, अमरावती-अकोला कापूस वाहायला. बिलात एकच आकडा असे आणि गिऱ्हाईक त्यातच घासाघीस करी. अकोल्याच्या एका जिनाच्या, म्हणजे कापसाची सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाशी तर गाडी दिवसदिवस उन्हात उभी. नंबर हुकेल म्हणून आमचे ड्रायव्हर करीमभाई जेवायलाही उतरत नसत. दादाराव चिडला आणि त्यानं बिलाचे कप्पेच पाडले: भाडे, खोटी, हमाली, जकातनाका. मी म्हटलं, हे नसते उपद्व्याप आहेत. आमची सगळी भिस्त त्या जिनावर होती. तिथले शेटजी फिरले असते, तर हप्ते थकून ट्रकच गेला असता.

त्यात छापखान्यानं कप्प्यांमधल्या रेघाच गिळल्या. शेटजींनी बिल डोळ्यांशी धरलं आणि सावकाश वाचलं, "खोटी हमाली." मग आमच्याकडे बघून म्हणाले, "तुमीच छापून देल्लं, हमाली खोटी हाय. मंग मी देऊ कायले?" मुनीम हसला. मी हळूच म्हणालो, "खोटी काढून टाकतो, शेटजी." दादारावनं माझा दंड धरला, चांगला दुखेपर्यंत.

"छापण्यात चूक झाली. गाडी उभी होती, थे खोटं नाई," तो म्हणाला.

"उद्यापासून माल दुसऱ्याच्या गाडीत जाईन."

"जाऊ द्या. मी फाटकाशी बसतो, तुमी ठरवा."

आणि खरंच जाऊन फाटकाजवळच्या बाकड्यावर बसला, करीमभाईंच्या उभ्या गाडीशेजारी. माल घेऊन येणारे शेतकरी विचारत, "कावून बसले भाऊ?" हा शांतपणे सांगे, "खोटी होऊन राहिली." मी आत-बाहेर करत होतो; शेतकऱ्यांची कुजबुज आत शेटजींपर्यंत पोचत होती. ऊन कलल्यावर शेटजी स्वतः बाहेर आले, बाकड्याकडे न बघता हमालांवर ओरडले, "अमरावतीची गाडी घ्या रे आंदी."

खोटीचे पैसे त्यांनी कधीच दिले नाहीत. पण आमची गाडी पुन्हा त्या फाटकाशी उभी राहिली नाही. मी म्हटलं, मग हा कप्पा कशाला ठेवायचा? दादाराव म्हणाला, "थो रिकामा राहावा म्हणूनच तं काढला, गड्या."

पुढे जिन बंद पडला तेव्हा ते बाकडं दादारावनं मागून आणलं आणि माझ्या ओसरीत टाकलं. रोज संध्याकाळी तो तिथं यायचा. अजूनही दिवेलागणीला मी बाकड्याच्या एका टोकाला बसतो, त्याची जागा सोडून. सून दोनदा जेवायला हाक मारते. उठवत नाही... ही खोटी कोणाच्या नावावर टाकू, दादाराव?