सहा नंबरचा डबा गप का झाला

मागच्या रविवारी आमच्या कांद्याच्या वावरात लई भारी गोष्ट झाली.

दादा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं आणि त्याच्या जुन्नरच्या मित्रानं, इम्रानदादानं, वावरात सहा डबे रोवले होते. वायर नाही, काही नाही... माती ओली का कोरडी, ते डबे लॅपटॉपला कळवणार. दोन डबे एकदम बोलले तर काहीच कळत नाही, म्हणून प्रत्येकाला पाळी ठरलेली.

पण कोरड्यातल्या डब्यांकडे नवीन सांगायला काही नसायचं, पाळी फुकट जायची. म्हणून दादानं प्रोग्रॅम बदलला. जो गप, त्याची पाळी दुसऱ्याला... जोरात चाललं! फक्त सहा नंबरपाशी पाणी पोचलं तरी तो गपच.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचे सर बघायला येणार होते. बॅटरी बदलली, डबा खोलला, परत लावला... "मेला राव हा," इम्रानदादा म्हणाला. दादाचं तोंड एवढंसं झालं.

मी तिथंच दारं धरत होते, एकेका वाफ्यात पाणी सोडत, पाय चिखलात. आठवीनंतर शाळा सोडली, दादाच्या मित्रांसमोर तर आवाजच फुटत नाही माझा. पण काय चुकलं ते मला दिसत होतं...

आमची विहीर चार घरांत सामाईक. ज्याला पाणी नको तो मोटरीच्या खोलीची किल्ली पुढच्या घरी देतो. पण दर फेरीला आधी चारी घरी विचारायचं. त्यातल्या एका घरच्या काकीनं मागच्या फेरीला किल्ली दिली म्हणून एकदा आम्ही न विचारता तिची पाळी धरली, तर दारात येऊन कडाडली, "किल्ली दिली म्हंजे पाळी दिली न्हाई!"

मी खाली बघूनच बोलले, "दादा, त्याची पाळी काढून घेतली ना... मग पाणी आलं हे तो सांगणार कधी? फेरीच्या आधी सगळ्यांना विचारा की, हवी का म्हणून."

मला वाटलं, आता हसणार.

"आयला, बरोबर बोलतीय ही!" इम्रानदादा ओरडला.

"ये, इथं बस," दादा म्हणाला. "परत सांग. सावकाश."

दादानं प्रोग्रॅम परत बदलला, आणि दिवस मावळायच्या आत सहा नंबर बोलला... ओलं!

सोमवारी सरांनी विचारलं, हे कुणाला सुचलं? दादानं माझ्याकडं बोट केलं. मी विहिरीचं सगळं सांगितलं... अडखळत, पण पूर्ण.

प्रोजेक्ट पास झालं. बाहेरून दहावीला बसता येतं, असं सर जाताना म्हणाले. फॉर्म आणलाय. भीती वाटते, पण भरणार आहे. दादा, तू थांबून ऐकलंस... लई बरं वाटलं.