उत्रोलीची ओली भिंत
ओल धरलेल्या गिलाव्याचा वास आला की मला उत्रोलीतलं एक स्वयंपाकघर आठवतं. पाली गावात आमच्या घराचा पाया खणून पहिला ठेकेदार गायब झाला होता आणि कुणावर भरवसा ठेवावा हेच कळेना. भोरच्या एका मिस्त्रींना मी म्हटलं, "तुम्ही बांधलेलं एखादं घर दाखवा." ते आम्हा नवरा-बायकोला उत्रोलीत भातखाचरांच्या कडेच्या एका घरी घेऊन गेले. त्यांना बघताच घरच्या मावशी कडाडल्या, "आलास व्हय? बघ, पुन्यांदा ओल आली!" आत चुलीमागचा गिलावा फुगून सुटला होता. मिस्त्री भिंतीवर हात फिरवत म्हणाले, "माझंच चुकलंय, मावशी. उद्या येतो." मी चक्रावून विचारलं, "मग आम्हाला हेच घर का दाखवलंत?" ते म्हणाले, "आधी हे बघा, मग ठरवा." निघताना मावशींनी माझ्या बायकोला बाजूला घेतलं. "काम त्यालाच द्या. बोलावलं की येतोय तरी. बाकीचे फोन बी उचलत न्हाईत." आम्ही काम त्यांनाच दिलं. पुढं आमच्याही घरात काही ना काही निघालंच, पण बोलावलं की ते येत राहिले. आता त्यांचे गुडघे गेलेत. परवा न्हाणीघरातली फरशी निसटली, तर एसटीनं आले, खुर्चीत बसले आणि मला सांगून सांगून ती बसवून घेतली.