वन्संच्या दवाखान्यातली हाक

माणसाच्या कातडीवर आमच्या वन्संइतकी माया करणारं दुसरं कुणी उभ्या सांगली जिल्ह्यात सापडायचं नाही, आणि त्या कातडीच्या आतल्या माणसावर इतकं खेकसणारंही नाही. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. सांगलीत त्यांचा त्वचारोगाचा दवाखाना आहे. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा घरी बसून मी चिडचिडी होणार, असं निदान त्यांनी मला न तपासताच केलं आणि दवाखान्यातल्या बाहेरच्या टेबलावर आणून बसवलं. लग्नाच्या मांडवातही त्या नवरीचे दागिने बघत नाहीत, हळदीने उठलेलं पुरळ बघतात. माझ्याच लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्या कानाशी येऊन पुटपुटल्या होत्या, "हनुवटीला काय चोपडतेस गं? ते आधी बंद कर." आमचं पहिलं संभाषण ते हेच.

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर वन्सं तोंडात घास घालत नाहीत, त्यामुळे सगळा दवाखाना सूर्याच्या तालावर चालतो. उन्हं खिडकीतून उतरायला लागली की आतून ओरडणं सुरू होतं, "अगं, कोण राहिलंय? माझी भाकरी बुडेल!" मग पेशंट अशा लगबगीने आपली खाज सांगतात की सांगतासांगताच ती निम्मी उतरते. एकदा माझे यजमान, म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ, गांधीलमाशा चावून तोंड सुजवून आले. त्यांना एक इंजेक्शन टोचून बाई आधी जेवायला बसल्या आणि भावाला म्हणाल्या, "सूज कुठे पळून जाते का?"

त्यांचा दुसरा हट्ट हाकेचा. आमच्याकडे पेशंटला नावाने बोलवायचं नाही, गावाने बोलवायचं. "आटपाडी, आत या. कवठे महांकाळ, तयार राहा." मला एसटी स्टँडवर नोकरी लागल्यासारखं वाटतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "आपल्याकडे तृतीयपंथी येतात, बाईचा पुरुष झालेले येतात, पुरुषाची बाई झालेल्या येतात. कागदावर नाव एक, समोर माणूस वेगळाच. ते नाव पुकारलं की सगळ्या माना वळतात आणि माणूस जिन्यावरूनच परत जातो. मग त्याची कातडी मी कुणाकडे बघू?" त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवा, असं मी सुचवल्यावर त्या माझ्याकडे अशा काही बघायला लागल्या की मी निमूट टेबल पुसायला घेतलं.

आत गेल्यावर मात्र त्या प्रत्येकाला विचारतात, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" कवठे महांकाळचा एक मुलगा मुलगी म्हणून जन्मलेला. पुरुष होण्याची इंजेक्शनं सुरू झाल्यापासून त्याचं तोंड पुटकुळ्यांनी भरलं होतं. हा प्रश्न ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या मागोमाग साखर कारखान्यावरचे एक बडे गृहस्थ आत गेले. तोच प्रश्न ऐकून म्हणाले, "साहेब म्हणा की." वन्सं म्हणाल्या, "ते जमायचं नाही. दुसरं सांगा."

ललिता वडूजची. कुठल्याशा पार्लरमध्ये दाढीचे केस कायमचे काढायला गेली आणि गाल भाजून आली. आधीच्या दवाखान्यात हिला बायकांच्या बाकावर बसवावं की पुरुषांच्या, यातच दिवस गेला होता. वन्संनी बजावलं, "आधी गाल बरा करू, मग केसांचं बघू. पण मध्येच सोडलंस तर डाग जन्माचे राहतील." ती येत राहिली, पण बसायची मात्र नाही. तोंडावर पदर ओढून जिन्याशी उभी राहायची.

एका दुपारी मी "वडूज!" म्हणून हाक मारली आणि घोटाळा झाला. बाकावर वडूजचेच एक निवृत्त सुभेदार बसले होते, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. दोघंही पुढे आली. सुभेदारांनी तिच्याकडे वळून विचारलं, "वडूजची व्हय? कुणाची गं तू?" आमच्या भागात गावचं माणूस भेटलं की पहिला प्रश्न हाच. ललिताने कठडा धरला आणि एक पायरी खाली उतरली. आता ही गेली तर पुन्हा यायची नाही, हे मला कळलं आणि मी टेबलामागून उठले.

घाम मात्र सुभेदारांनाच फुटला होता. तिच्या जवळ जाऊन ते दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, मी हितं आलतो ह्ये गावात बोलू नगंस. नायटा झालाय. जागा लय अवघड हाय." दबका असला तरी आवाज पलटणीतला. आतून वन्सं ओरडल्या, "कुठली जागा ते आत येऊन सांगा!"

ललिताला हसू आवरेना. हसताना पदर सुटला, भाजलेला गाल आणि दाढीचे खुंट उघडे पडले. सुभेदारांनी बघितलं. त्यांना सगळं कळलं असणार.

"आवं, मी कुनाला सांगू?" ती म्हणाली. "मी गावात जातच न्हाई."

"का गं? तुजं म्हायेर हाय न्हवं ते?"

तिने सुटलेला पदर पुन्हा गालावर ओढला. सुभेदारांनी बाकावरची आपली पिशवी उचलली. "उबी का मग? बस की. आन् आदी तू जा. माजं काय, मी बसतो खाजवत."

ललिता बसली. त्यानंतर प्रत्येक खेपेला ती बसली. गाल बरा झाला, केसही गेले, आणि तिचं येणं थांबलं. "बरे झाले की तोंड दाखवत नाहीत मेले," असं वन्सं बरेच दिवस कुरकुरत होत्या.

मग एकदा उन्हं खिडकीतून उतरत असताना ललिता जिना चढून आली. तोंडावर पदर नव्हता. पदर धरणारा हात मोकळा झाला होता आणि त्या हाताने तिने आपल्या म्हाताऱ्या आईला धरलं होतं. दोघी बाकावर टेकल्या. दुसरं कुणीच थांबलेलं नव्हतं, तरी सवयीने मी हाक मारली, "वडूज!" दोघी एकदम उठल्या.

वन्संनी म्हातारीचे भेगाळलेले पाय मांडीवर घेतले. म्हातारी सांगत होती, "घरला आली आन् पाय बगून माज्यावरच रागावली बगा. चल म्हनली सांगलीला." पायांबरोबर तिने गाव, म्हैस, विहीर, लेकीवाचून गेलेली वर्षं सगळंच सांगायला घेतलं. बाहेर दिवस मावळत आला. मी दारातून म्हणाले, "वन्सं, उन्हं गेली."

"माहितेय," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे बघितलंच नाही. "टाचा बघतेय मी."

त्या दिवशी झाकून ठेवलेलं ताट तसंच राहिलं. भूक नाही का लागली, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "लागली की." मला त्यांचा फार फार अभिमान वाटत होता. पण तसं म्हटलं असतं तर त्यांनी माझ्या हनुवटीचा विषय काढला असता, म्हणून मी नुसतीच त्यांच्याजवळ बसून राहिले.