सहा पोळपाट, एक वाटी

रविवारी सकाळी सोसायटीच्या गच्चीवर सहा जणी उडदाचे पापड लाटायला बसल्या. पीठ सुकायच्या आत लाटून संपवायचे होते. पोळपाट सहा, पण तेलाची वाटी एकच. प्रत्येकीचा हात तिथे अडत होता.

"सूनबाई, तुझ्या कॉलेजात यावर काही शिकवतात का?" सुमनकाकूंनी टोमणा मारला.

"शिकवतात ना, आई. प्रोसेसर अनेक आणि मेमरी एकच असली की हेच होतं," संगणक शिकवणारी मीनल म्हणाली. "दुसऱ्या प्रकारच्या संगणकात प्रत्येक प्रोसेसरला आपापली मेमरी."

"मग वाट्या आण की!"

वाट्या आल्या. हात अडायचे थांबले, बोलणे मात्र वाढले: "माझं तेल संपलं, थोडं ओत गं." स्वतंत्र मेमरीच्या प्रोसेसरांनाही हवे ते असेच एकमेकांकडे मागावे लागते.

शेवटची लाटी मऊ असतानाच लाटून झाली.